अर्ध्यावर थांबवलेले गाणे

पत्र (थोडे संक्षिप्त करून)

माझे वय २७. गाव मराठवाड्यात. मेकॅनिकल डिप्लोमा करून मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात लागलो आणि भोसरीत तिघांबरोबर खोली घेऊन राहतो. आम्ही बौद्ध. माझ्या मामांची गायन पार्टी आहे. सातवीपासून मी त्यांच्याबरोबर पेटीवर बसतो आणि गातो. माझे चालणे-बोलणे थोडे नाजूक आहे, त्यामुळे शाळेत मला सगळे ‘गणपत पाटील’ म्हणायचे.

मी गे आहे हे कॉलेजातच कळले होते. पण तसे दुसरे कोणी प्रत्यक्ष भेटले ते पुण्यात आल्यावर, दोन वर्षांपूर्वी, एका ॲपवरून. बाणेरला एका मित्राच्या फ्लॅटवर शनिवारी आठ-दहा जण जमतात. पहिल्या शनिवारी परतताना मी बसमध्ये रडलो, इतके हलके वाटले होते. पुढे हळूहळू लक्षात आले, की माझ्या इंग्रजीचे त्यांना हसू येते, मी बोलताना हात हलवले की कोणीतरी ‘अगं बाई’ म्हणते आणि माझ्या पाठीमागे माझा उल्लेख ‘तो घाटी’ असा होतो. ॲपवर मी आडनाव लावत नाही, वडिलांचे नाव लावतो. एकाशी तीन महिने रोज बोलणे होत होते. त्याला आडनाव सांगितले, त्यानंतर त्याची उत्तरे तुटक होत गेली आणि मग बंदच झाली.

६ सप्टेंबरला कलम ३७७ च्या निकालाचा दिवस म्हणून केक कापला. मला गायला सांगितले. मी भीमगीत म्हटले. दुसऱ्या कडव्यावर यजमानाने स्पीकर सुरू केला आणि म्हणाला, ‘अरे, जातपात इथे नको आणूस. इथे आपण सगळे फक्त गे आहोत.’ त्याच घरात गणपती बसतो, तेव्हा आरत्या होतात. मी काही बोललो नाही. निघताना एक जण खाली फाटकापर्यंत आला आणि ‘छान म्हणतोस रे’ एवढेच म्हणाला.

आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे. त्याआधीच्या महिन्यात पिंपरीतल्या एका पार्लरमध्ये काम करणारा मुलगा तिथे आला होता, काजळ घालून. तो गेल्यावर मी त्याची नक्कल केली. सगळे खूप हसले आणि मी यांच्यातला आहे असे मला तेव्हा पहिल्यांदा वाटले. माझ्या प्रोफाइलवरही ‘फक्त मर्दानी मुलांनी मेसेज करावा’ असे लिहिलेले आहे.

मी जास्त मनाला लावून घेतो का? हा ग्रुप सोडू का? गावाकडे मी गे नसतो आणि इथे मी बौद्ध नसतो, मग मी नक्की कोण? रात्री दोन-तीनपर्यंत झोप लागत नाही. नाव छापू नका, आडनाव तर मुळीच नको.

उत्तर

प्रिय मित्र,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे सगळे त्याच्यावर उभे आहे. तुम्ही क्वालिटीत आहात, म्हणून तुमच्याच कामातला दाखला घेतो. गो–नो-गो गेज, म्हणजे भाग मापात बसतो की नाही एवढेच सांगणारे साधन, लावल्यावर एकामागून एक चांगले भाग नाकारले जाऊ लागले, तर तुम्ही सगळा माल भंगारात टाकत नाही. ते गेजच कॅलिब्रेशनला, म्हणजे ते स्वतः बरोबर मापते का हे तपासायला, पाठवता. त्या फ्लॅटमध्ये तुमच्या इंग्रजीला, हातवाऱ्यांना, आडनावाला आणि शेवटी गाण्यालाही एकच माप लावले गेले आणि दर वेळी तुम्ही त्यात बसला नाहीत. तुम्ही जास्त मनाला लावून घेत नाही. उलट दोन वर्षे तुम्ही ते मनाआड करत आलात, कारण पहिल्या शनिवारी बसमध्ये जे हलके वाटले होते ते तुम्हाला गमवायचे नव्हते. आणि ती भीती मी पूर्ण समजू शकतो, कारण आपल्यासारखे दुसरे कोणी आहे हे आयुष्यात पहिल्यांदा समजणे ही काही लहान गोष्ट नाही.

यजमानाचे ते वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जाईना. ‘इथे आपण सगळे फक्त गे आहोत.’ ते त्याने वाईट हेतूने म्हटले असेल असे मला वाटत नाही. बहुधा त्याला ते समतेचेच वाक्य वाटले असेल. पण ‘फक्त गे’ असणे परवडते कोणाला? ज्याची भाषा, आडनाव, रंग, पगार आणि राहण्याचा पत्ता हे सगळे भोवतालच्या माणसांशी इतके जुळते की कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, त्याच्यापाशी वेगळी अशी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे त्याचे पुरुषांवर प्रेम असणे. बाकीच्या ओळखी त्याला नसतात असे नाही. त्या असतात, पण रोज त्याच घरात राहणाऱ्याला भिंतीचा रंग दिसेनासा होतो तशा त्या त्याला दिसेनाशा झालेल्या असतात. म्हणून आरती त्याला आपल्या घरची रीत वाटते आणि भीमगीत म्हणजे जात मधे आणणे वाटते. आरती म्हणू नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. एका खोलीत एकाच्या घरचे गाणे संस्कृती ठरत असेल आणि दुसऱ्याच्या घरचे गाणे विषयांतर ठरत असेल, तर जात त्या खोलीत तुमच्या गाण्याबरोबर आलेली नाही, ती तिथे आधीपासून बसलेली आहे, एवढेच मला म्हणायचे आहे.

आणि त्या संध्याकाळी तर तुमचे गाणे विषयांतरही नव्हते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून वगळले, तो निकाल तुम्ही उघडून पाहा. ‘संवैधानिक नैतिकता’ हे शब्द त्यात वारंवार येतात. बहुसंख्य लोकांना काय रुचते यावर नव्हे, तर संविधानाने मानलेल्या मूल्यांवर माणसाच्या स्वातंत्र्याची सीमा ठरवायची, असा न्यायालयाने त्याचा अर्थ लावला. ही संज्ञा आपल्याकडे रुजली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ४ नोव्हेंबर १९४८ च्या संविधान सभेतील भाषणामुळे. त्यांच्या मूळ भाषणाचा संदर्भ राज्यकारभाराचा होता हे खरे. पण २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ३७७ विरुद्ध पहिला निकाल दिला तेव्हा त्याने याच भाषणाचा आधार घेतला, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयातही तोच धागा आला. ज्या निकालासाठी तुमच्या मित्रांनी केक कापला, त्या निकालाच्या पानांवर ज्यांचे शब्द आहेत, त्यांच्याविषयीचे गाणे त्या केकसमोर तुम्ही म्हणत होतात. त्या खोलीतल्या एकालाही हे ठाऊक नसावे, याचे मला वाईट वाटते. आणि कदाचित तुम्हालाही ठाऊक नव्हते, याचे अधिक वाटते, कारण ठाऊक असते तर तिसरे कडवे तुम्ही म्हटले असते.

याहून जुनी एक गोष्ट सांगतो. वाचकांच्या पत्रांना उत्तरे देणारा माणूस म्हणून ती मला फार जवळची आहे. रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवत होते आणि त्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उघडपणे, शास्त्राला धरून उत्तरे देत होते. अशाच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते डॉ. आंबेडकर. ज्या उत्तरांवर आक्षेप होता, त्यांत समलिंगी आकर्षणाविषयीचा मजकूरही होता. लैंगिक विषयावर लिहिले की ते अश्लीलच, हे आंबेडकरांना मान्य नव्हते. खटला ते हरले. पण ज्या दोन गोष्टी एकत्र नांदूच शकत नाहीत असे तुम्हाला गेली दोन वर्षे वाटत आले आहे, त्या नव्वद वर्षांपूर्वी मुंबईच्या एका न्यायालयात एकाच बाजूच्या टेबलावर होत्या.

तुमच्या पत्रात एक न विचारलेला प्रश्न आहे असे मला वाटते : ज्यांनी स्वतः हेटाळणी सोसली, ती माणसे दुसऱ्याची हेटाळणी कशी करू शकतात? मलाही तरुणपणी हा प्रश्न पडे. आता मला त्यात नवल वाटत नाही. आपल्यातला प्रत्येक जण गे मित्रांमध्ये येतो तो वीस-पंचवीस वर्षे आपापल्या घरात वाढून येतो. त्या घरात पाणी कोणत्या पेल्यात द्यायचे, कोणाच्या ताटात जेवायचे, गोरी सून का हवी आणि मुलाने कसे बसावे, हे सगळे तो शिकलेला असतो. त्यातला एकच धडा त्याच्यावर उलटतो, तो म्हणजे मुलाने मुलीवरच प्रेम करावे हा. बाकीचे धडे तो तसेच बरोबर घेऊन येतो. २०१५ च्या मे महिन्यात मुंबईतल्या एका आईने आपल्या गे मुलासाठी वर पाहिजे म्हणून जाहिरात दिली होती. मला तेव्हा ती वाचून डोळ्यांत पाणी आले होते. जातीची अट नाही असे तिने लिहिले होते, आणि लगेच कंसात, तरी आपल्या जातीचा असल्यास प्राधान्य, असेही लिहिले होते. ते गमतीने लिहिले होते, असे नंतर त्यांच्याकडून सांगण्यात आले आणि त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. परंतु गमतीतसुद्धा लेखणीला तेच सुचावे, यातच आपल्या सर्वांची घडण दिसते. त्याच वर्षी दिल्लीच्या प्राइड मिरवणुकीत, म्हणजे आपल्यासारख्यांच्या अभिमान मिरवणुकीत, काही तरुण दलित आणि क्वीअर (लैंगिकतेच्या रूढ चौकटीत न बसणारे) अशा दोन्ही ओळखी फलकांवर लिहून चालले. तेव्हाही ‘इथे जात कशाला’ असे विचारणारे होतेच.

शिवाय आपल्या चळवळीचा सुरुवातीचा आवाज मुख्यतः इंग्रजी आणि मुंबईचा होता. ‘बॉम्बे दोस्त’ हे गे लोकांचे मासिक १९९० मध्ये निघाले आणि त्यांच्यासाठी काम करणारी हमसफर ट्रस्ट ही संस्था १९९४ मध्ये उभी राहिली. त्या माणसांचे ऋण माझ्यासारख्यावर फार मोठे आहे, आणि चेहरा दाखवण्याचा धोका तेव्हा ज्यांच्यामागे घर, शिक्षण आणि ओळखी होत्या त्यांनाच पत्करता येत होता, हेही खरे आहे. मात्र पोलिसाची काठी बसत होती ती बागेत, स्टेशनाबाहेर, चालण्यावरून ओळखू येणाऱ्या, कोती म्हणवणाऱ्या मुलांवर. मराठीतून या विषयावर चिकाटीने बोलणारे आणि लिहिणारे काम पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांच्या समपथिक ट्रस्टने सुरू केले, तेव्हा कुठे तालुक्याच्या गावातल्या मुलाला स्वतःविषयी शिवी सोडून दुसरा शब्द मराठीत वाचायला मिळू लागला. तुमच्या इंग्रजीला हसणाऱ्यांना हे माहीत नसेल; तुम्हाला ते माहीत असावे असे मला वाटते.

आता काजळवाल्या मुलाकडे येतो. तुम्ही हे लिहिले नसते तर मला काही कळले नसते, तरी तुम्ही लिहिलेत. म्हणून मीही तुमच्यापासून काही लपवत नाही. १९९० च्या दशकात मुंबईत आम्ही काही जण महिन्यातून एकदा एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत भेटत असू. एका रविवारी एक पत्रकार बाई येणार होत्या. कुर्ल्याहून येणारा एक मुलगा, विशीच्या आतबाहेरचा, डोळ्यांत काजळ घालून आला. मी त्याला जिन्यातच गाठले आणि म्हणालो, ‘आज ते पुसून ये. आपण साधी माणसे आहोत हे त्यांना दिसले पाहिजे.’ तो काही बोलला नाही. जिन्याखालच्या नळावर त्याने तोंड धुतले. काजळ नुसत्या पाण्याने जात नाही; ते गालांवर पसरले, मग शर्टाच्या बाहीने पुसत पुसत तो वर आला आणि दाराशी, शेवटच्या ओळीत बसला. लेख छापून आला तेव्हा त्यात माझे म्हणणे होते, त्याचे नव्हते. त्यानंतर तो कधी आला नाही, आणि त्याला शोधायचे म्हटले तरी मला त्याचे पूर्ण नावही माहीत नव्हते. मी तेव्हा असे का वागलो, याचे उत्तर तुमच्या पत्रातल्या एका वाक्यात आहे. त्याला खाली ढकलले की माझी पायरी वर सरकत होती. तुमची नक्कल पाहून सगळे हसले आणि तुम्ही त्यांच्यातले झालात. पण ज्या किमतीवर ते तुम्हाला आत घेत होते ती किंमत तो मुलगा मोजत होता, आणि पुढच्या शनिवारी तुमच्या हातवाऱ्यांवर कोणी ‘अगं बाई’ म्हटले की तीच किंमत तुम्ही मोजत होतात.

‘बायल्या’ ही शिवी नीट ऐकून पाहा. तिच्यात पुरुषावर राग नाही, बाईविषयी तुच्छता आहे. शाळेत तुम्हाला ज्यांच्या नावाने चिडवत, ते गणपत पाटील हे मोठे नट होते. तमाशापटांत आणि रंगभूमीवर नाच्याची भूमिका त्यांनी इतकी जिवंत केली, की लोकांनी त्या संसारी गृहस्थाच्या नावाचीच शिवी करून टाकली. ज्या कलेवर थिएटर डोक्यावर घेतले तिच्यावरूनच माणसाला हिणवायचे, ही आपली जुनी खोड आहे. तुमच्या मित्रांनी ती फक्त इंग्रजीत आणली आणि ‘नो फेम’, म्हणजे ‘बायकी मुले नकोत’, असे तिचे नाव ठेवले.

यावर तुम्ही म्हणाल की आवड ही ज्याची त्याची असते. असते. कोणाकडे मन ओढ घेते याचा जाब मी कोणालाही विचारणार नाही. पण मनातली ओढ वेगळी आणि दारावर लावलेली पाटी वेगळी. तुम्हाला कोणी आवडला नाही तर उत्तर न देण्याची किंवा नम्रपणे नाही म्हणण्याची मुभा आहेच. एका संपूर्ण प्रकारच्या माणसांनी दार वाजवूच नये असे आधीच लिहून ठेवल्याने तुमची आवड जपली जात नाही, त्यांचा अपमान मात्र रोज होतो. ग्राइंडर या गे पुरुषांच्या ओळखींसाठीच्या ॲपने २०२० मध्ये वंशानुसार माणसे गाळून टाकण्याची सोय काढून टाकली, ती याच विचाराने. आपल्याकडे तशी सोय नसली तरी आडनाव विचारणे हे तेच काम करते, वय, वजन आणि रंग यांच्यावरून तेच होते, आणि एचआयव्ही असलेल्या मित्रांशी जे वर्तन होते त्याबद्दल तर स्वतंत्र लिहावे लागेल. तुमच्या प्रोफाइलवरची ओळ तुम्ही आजच काढा. ती तुम्ही लिहिली असली तरी ती तुमच्याविरुद्धच आहे. तुमच्यासारखाच कोणी नाजूक मुलगा ती वाचून, मेसेज न करता निघून जात असेल. कारखान्यात किंवा खोलीवर तुम्ही जपून वागत असाल तर ती वेगळी बाब आहे. तिथे स्वतःला झाकणे हे सुरक्षिततेसाठी आहे आणि त्याबद्दल मी तुम्हाला दोष देणार नाही.

ग्रुप सोडावा का, याचे उत्तर मी ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देणार नाही, कारण त्या फ्लॅटमध्ये आठ-दहा माणसे आहेत आणि ती सगळी एकसारखी नाहीत. एक जण फाटकापर्यंत आला. इतरांसमोर तो बोलला नाही, याचा तुम्हाला राग आला असेल तर तो रास्त आहे. पण सुरुवात त्याच्यापासून करा. त्याला बाहेर चहाला बोलवा आणि जे मला लिहिले तेच त्याला सांगा, आडनावासह. त्यानंतर, जमेल असे वाटले तर, यजमानाशी एकदा बोला. शनिवारी सगळ्यांसमोर नको, एकट्याला गाठून. त्याच्यावर जातीयवादाचा आरोप ठेवून सुरुवात केलीत तर तो स्वतःचा बचाव करत बसेल आणि तुमचे ऐकणार नाही. त्यापेक्षा जे घडले तेवढेच सांगा : ‘मी गात होतो, तू गाणे थांबवलेस, तुझ्या घरी आरती होते तेव्हा मी टाळ्या वाजवतो, मला त्या दिवशी वाईट वाटले.’ तो गप्प बसला, तर त्याला वेळ द्या. तो हसला, किंवा तुमची खासगी माहिती घरी अथवा कंपनीत कळवण्याचा नुसता सूर जरी त्याने लावला, तर त्या दाराकडे पुन्हा फिरकू नका आणि त्याचे मेसेज जपून ठेवा. कोणी चारचौघांत जातीवरून अपमान केला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. मात्र तक्रारीत तुमची लैंगिक ओळखही उघड होऊ शकते, म्हणून ते पाऊल विश्वासू वकिलाशी बोलल्याशिवाय उचलू नये.

पुण्यात एकच फ्लॅट नाही. शहरात २०११ पासून प्राइड निघते आणि तिथे बाणेरचेही असतात तसे हडपसरचे, बीडचे आणि सोलापूरचेही असतात. ज्या पहिल्या माणसांनी आपल्याला दार उघडले ती आपल्याला आयुष्यभरासाठी मिळालेली माणसे आहेत असे आपल्याला वाटते, आणि ते दार बंद झाले तर पुन्हा एकटे पडू, या भीतीने आपण बरेच काही गिळतो. दोन वर्षांपूर्वी ती भीती खरी होती. आज तुम्हाला दुसरी दारे शोधता येतात.

आता झोपेविषयी. दोन-तीनपर्यंत झोप न लागणे हे बरेच दिवस चालले असेल तर ते सोसत बसू नका. १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर सरकारी समुपदेशकाशी मराठीतही बोलता येते, आणि तो फोन करण्यासाठी प्रकृती फार बिघडण्याची वाट पाहावी लागत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने लैंगिक कल आणि जात या दोन्हींवरून उपचारात भेदभाव करायला मनाई केली आहे, आणि ती एकाच वाक्यात केली आहे. तुमच्या मित्रांना ज्या दोन गोष्टी एका खोलीत नको होत्या, त्या कायद्याने एका वाक्यात शेजारी शेजारी ठेवल्या, हे वाचून मला फार बरे वाटले होते.

‘मी नक्की कोण’ या प्रश्नावर मी बराच थांबलो. तुम्ही तो असा मांडला आहे, जणू एका ओळखीची बेरीज केली की दुसरीची वजाबाकी करावी लागते. परंतु तुम्ही पत्रात स्वतःविषयी काय काय लिहिले आहे ते पुन्हा वाचा. तुम्ही पेटीवर बसता. मामांच्या शेजारी बसून सातवीतल्या मुलाने सूर धरायला शिकणे म्हणजे काय, हे तुमच्या हातांना माहीत आहे. दशांश मिलिमीटरचा फरक तुमच्या डोळ्यांना खुपतो. तुम्ही घरापासून लांब राहून कमावता. तुम्हाला पुरुष आवडतात. तुम्ही आपल्या चुकीची कबुली स्वतःहून देणारे आहात, आणि ही शेवटची गोष्ट मला वाटते बाकीच्यांपेक्षा दुर्मीळ आहे. यातले काहीही दुसऱ्याच्या आड येत नाही. आड येते ते भोवतालच्या माणसांना, आणि तेही दोन्हीकडे. गावाकडे, जिथे तुमचे आडनाव ताठ मानेने घेतले जाते आणि जिथे समतेची गाणी गायली जातात, तिथेही ‘तसल्या’ मुलांविषयी काय बोलले जाते ते तुम्ही ऐकलेले असणार. त्याचाही राग येऊ द्या. आपल्या माणसांवर रागावण्याचा हक्क प्रेम करणाऱ्यालाच असतो.

मामांना किंवा आईला सर्व काही सांगितलेच पाहिजे, असे मात्र मी म्हणणार नाही. सांगणे हे कर्तव्य नाही. राहायला जागा, हातात नोकरी आणि पाठीशी उभे राहणारे एक तरी माणूस असल्याशिवाय घाई करू नका. आणि ते सगळे असूनही तुम्हाला सांगावेसे वाटले नाही, तरी तुम्ही खोटे ठरत नाही. फक्त एक करा. १४ एप्रिलला गावी जाल तेव्हा गाताना, मी इथे अर्धाच आलो आहे असे मानून गाऊ नका. ज्या संविधानाच्या नावाने ती गाणी आहेत, त्यात तुमची दुसरी बाजूही आहे, हे तुम्हाला आता माहीत आहे. ऐकणाऱ्यांना ते माहीत नसले तरी तुमच्या आवाजाला माहीत असेल.

राहिला तो पिंपरीचा मुलगा. त्याला भेटून, मी तुझी नक्कल केली होती, असे सांगू नका. त्याला ती ठाऊक नाही. सांगितल्याने तुमचे मन हलके होईल आणि त्याचे जड होईल. ती कबुली द्यायची असेल तर जे हसले त्यांच्यापुढे द्या, त्यांची ती वाटणी आहे. त्याला मात्र भेटा. पार्लर बंद व्हायच्या सुमारास जा, त्याचे नाव विचारा, तुमचे पूर्ण नाव सांगा, चहा घ्या, आणि त्याला तुमच्याशी बोलायचे नसेल तर आग्रह न करता परत या. कुर्ल्याच्या त्या मुलाचा पत्ता मला कधीच मिळाला नाही. तुम्हाला पार्लर माहीत आहे. जाऊन आलात की कळवा.